वाचकांचे प्रश्न : खारा वारा आणि घराचे छप्पर

प्रश्न : आमचे घर श्रीवर्धन तालुक्यात किनाऱ्यापासून चालत पाच मिनिटांवर आहे. भिंती चिऱ्याच्या असून छप्पर दुपाखी, मंगलोरी कौलांचे होते. जून २०२० मधील निसर्ग चक्रीवादळात समुद्राकडचे पाखे जवळजवळ पूर्ण उघडे पडले. पाऊस तोंडावर असल्याने मिळाले ते निळे पत्रे घालून वेळ भागवली. आता त्या पत्र्यांना वळचणीला गंज लागून भोके पडली आहेत. या वेळी कायमचे छप्पर घालायचे आहे. फॅब्रिकेटर ०.५० चा (म्हणजे ०.५० मिलिमीटर जाडीचा) रंगीत पत्रा सुचवतो आणि कंपनीची हमी आहे असे सांगतो. काही जण ॲल्युमिनियमचा आग्रह धरतात. आईला कौलेच हवी आहेत, परंतु माकडांचा उपद्रव फार आहे. आम्ही काय घालावे?
– एक वाचक, श्रीवर्धन तालुका

उत्तर : गंज वळचणीला लागला, असे आपण लिहिले आहे. निवड करताना हीच गोष्ट सर्वांत आधी लक्षात घ्यावी लागेल. छपराच्या वरच्या, उघड्या बाजूवर बसलेले मीठ कोकणातला पाऊस दरवर्षी चार महिने धुऊन काढतो. वळचणीखाली पाऊस पोहोचत नाही, खारा वारा मात्र पोहोचतो. तेथे साचलेले मीठ हवेतला ओलावा धरून ठेवते आणि पत्रा खालच्या बाजूने खात जाते. वरून रंग शाबूत दिसत असताना खाली आधी पांढरी पूड दिसू लागते, मग तांबूस डाग आणि शेवटी भोक. रंगीत पत्र्याच्या वरच्या बाजूला साधारण २० मायक्रॉन जाडीचा रंग असतो, तर खालच्या बाजूला पुष्कळदा ५ ते ७ मायक्रॉनचाच पातळ हात दिलेला असतो. दुकानात आपण वरचा रंग पाहून पसंती देतो. समुद्रकाठी खालची बाजू उलटून पाहणे आणि तिच्यावर किती रंग आहे हे विचारणे अधिक गरजेचे आहे.

रंगाच्या आत धातूचा लेप कोणता आहे, यावर पत्र्याचे आयुष्य ठरते. साध्या ‘जीआय’ पत्र्यावर केवळ जस्ताचा लेप असतो आणि तो दर चौरस मीटरला दोन्ही बाजूंचे मिळून किती ग्रॅम आहे हे ‘झेड १२०’, ‘झेड २७५’ अशा खुणांनी सांगितले जाते. खाऱ्या हवेत जस्त लवकर झिजते. त्यापेक्षा ५५ टक्के ॲल्युमिनियम, सुमारे ४३.५ टक्के जस्त आणि थोडे सिलिकॉन असलेला मिश्र लेप बराच अधिक टिकतो. बाजारात त्याला गॅल्व्हल्यूम म्हणतात. असा पत्रा घ्यायचा झाल्यास ‘एझेड १५०’ ही खूण पाहूनच घ्यावा आणि ती बिलावर लिहून घ्यावी. ‘०.५० चा पत्रा’ म्हणताना ती जाडी लेप आणि रंग धरून आहे की आतल्या नुसत्या पोलादाची आहे, हेही विचारावे. दोन्हींत फरक पडतो आणि वाऱ्याशी झुंज आतले पोलादच देत असते. हमीचा कागद पूर्ण वाचावा. समुद्रापासून ठरावीक अंतराच्या आतल्या घरांना हमी लागू नाही, किंवा पावसाने न धुतला जाणारा भाग हमीतून वगळला आहे, अशी अट त्यात पुष्कळदा असते. आपल्या घराला नेमक्या याच दोन अटी आडव्या येतील.

किनाऱ्यापासून इतक्या जवळ, पैशांची सोय होत असेल तर, मी ॲल्युमिनियमचा पत्रा निवडेन आणि त्याची जाडी ०.७ मिलिमीटरच्या खाली जाऊ देणार नाही. पोलादासारखा तांबेरा त्याला चढत नाही. परंतु त्याचे काही स्वभाव आधी माहीत असावेत. तो मऊ असतो, त्यामुळे माडाखालच्या पाख्यावर नारळ पडून पोचे येतात. उन्हाने तो पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतो. सहा मीटर लांबीचा पत्रा तापमानात ४० अंशांचा फरक पडला की सुमारे साडेपाच मिलिमीटर वाढतो, म्हणून स्क्रूची भोके थोडी सैल ठेवून वर रुंद वॉशर बसवावे लागतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे तो छपराच्या सांगाड्यातल्या उघड्या लोखंडी पाइपावर थेट ठेवू नये. खाऱ्या ओलाव्यात दोन वेगळे धातू एकमेकांना चिकटून राहिले की त्यांतला एक झपाट्याने खराब होतो आणि येथे तो मान ॲल्युमिनियमकडे जातो. मध्ये ईपीडीएम रबराची पट्टी द्यावी. ओला चुना किंवा सिमेंटही ॲल्युमिनियमला बाधते. भिंत आणि पत्रा यांच्या सांध्यात सिमेंट भरण्याची गवंड्यांची जुनी सवय येथे कटाक्षाने टाळावी. आपले जुने सागाचे वा ऐनाचे वासे धड असतील तर ते ठेवावेत, मात्र त्यांना तांबेयुक्त वाळवीनाशक लावू नये, कारण तेही या पत्र्याला खाते.

येथवर मिठाचा विचार झाला. आपले छप्पर २०२० मध्ये गेले ते मात्र वाऱ्याने, आणि त्या बाबतीत पत्रा कोणता यापेक्षा तो कशाला आणि कसा बांधला आहे याला कितीतरी अधिक महत्त्व आहे. वारा छप्पर दाबून मोडतो असा समज आहे. प्रत्यक्षात वाहता वारा पाख्यावरून जाताना ते वर ओढतो आणि खिडकी किंवा दार उघडे राहिले तर घरात शिरलेला वारा त्याच वेळी खालून ढकलतो. भारतीय मानकात मुंबईसाठी इमारतीच्या हिशेबाचा मूळ वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर, धरलेला आहे. या वेगाला दर चौरस मीटरवर सुमारे ११८ किलोग्रॅम इतका जोर येतो. पोलादी पत्र्याचे वजन दर चौरस मीटरला चार-साडेचार किलो, ॲल्युमिनियमचे त्याच्या निम्म्याहून कमी आणि मंगलोरी कौलांचे ४० किलोच्या आसपास असते. म्हणजे केवळ वजनाच्या बळावर यांतले काहीही जागेवर राहणार नाही. वेग दुप्पट झाला की हा जोर चौपट होतो, हेही विसरता येत नाही.

आता एका स्क्रूच्या वाट्याला काय येते ते पाहू. पाइप दीड मीटर अंतरावर आणि स्क्रू ६० सेंटिमीटरवर, अशी मांडणी स्वस्तात काम करताना नेहमी दिसते. तीत प्रत्येक स्क्रूकडे ०.९ चौरस मीटर पत्रा येतो, म्हणजे वरच्या हिशेबाने १०६ किलोची ओढ. वळचण, आढे आणि कोपरे येथे ओढ मधल्या भागाच्या दुपटीपर्यंत जाऊ शकते. मग तोच आकडा दोनशेच्या पुढे जातो आणि पत्रा स्क्रूच्या डोक्याभोवती फाटून सुटतो. एक कोपरा उचलला गेला की वारा आत शिरून बाकीचे पत्रे एकामागून एक सोलत नेतो. हेच अंतर १.२ मीटर आणि ३० सेंटिमीटर केले तर स्क्रूवरची ओढ ४२ किलोवर येते. म्हणून वळचणीच्या, आढ्याच्या आणि दोन्ही टोकांच्या ओळींत पन्हळीच्या प्रत्येक उंचवट्यावर स्क्रू मारण्याचा आग्रह धरावा. शंभर-दीडशे स्क्रू अधिक लागतील. एकूण खर्चात ती रक्कम अगदी किरकोळ आहे आणि माझ्या मते या कामात पैशांचा याहून चांगला उपयोग दुसरा नाही.

स्क्रू कोणता हेही सांगून ठेवावे. पिवळसर झिलईचे साधे स्क्रू किनाऱ्यावर फार लवकर गंजतात. पत्रा चांगला असतो, पण प्रत्येक स्क्रूभोवती तांबडे कडे दिसू लागते आणि पाणी तेथूनच टिपकते. ॲल्युमिनियमच्या पत्र्याला ३१६ दर्जाचे स्टेनलेस स्टीलचे स्क्रू ईपीडीएम वॉशरसह वापरावेत. गॅल्व्हल्यूमला मात्र स्टेनलेसचे स्क्रू योग्य नाहीत. त्यासाठी समुद्रकाठासाठी म्हणून बनवलेले, जाड लेपाचे स्क्रू पत्रा बनवणाऱ्या कंपनीला विचारून घ्यावेत. पत्रा जागेवर ग्राइंडरने कापू देऊ नये. ग्राइंडरच्या ठिणग्या लेप जाळतात आणि त्यांचे लोखंडी कण पत्र्यावर रुतून तेथे गंज धरतो. कातरीने कापावे आणि भोके पाडल्यावर पडलेला कीस त्याच संध्याकाळी झाडून काढावा.

पत्रा पाइपाला धरून राहिला आणि पाइपासकट सगळा सांगाडाच भिंतीवरून उचलला गेला, तरी परिणाम तोच. चिऱ्याच्या जुन्या भिंतीवर वासे नुसते टेकवलेले असतात. भिंतीच्या माथ्यावर चहूबाजूंनी सलग काँक्रीटचा पट्टा घालून त्यात गाडलेल्या सळ्यांना किंवा पट्ट्यांना वासे जखडावेत. छप्पर नव्याने उभे करणारच असाल तर दुपाखीऐवजी चौपाखी करण्याचा विचार करावा, कारण चारही बाजूंनी उतरत्या छपरावर वाऱ्याला धरायला उभी टोके मिळत नाहीत. उतार ३० अंशांच्या आसपास ठेवावा, अगदी सपाट छपरावर ओढ अधिक बसते. वळचण दीड-दोन फुटांपेक्षा जास्त बाहेर काढू नये. पडवीचे छप्पर मुख्य छपरापासून वेगळे, थोडे खाली घ्यावे, म्हणजे वादळात पडवी गेली तरी घर झाकलेले राहते.

आणि दिवाळीपासून मेपर्यंत, पाऊस नसताना, दोन-तीन महिन्यांनी एकदा वळचणीची खालची बाजू विहिरीच्या गोड्या पाण्याने धुवावी.

प्रश्न : आमचे मालवणजवळील घर आजोबांनी बांधलेले, मंगलोरी कौलांचे आहे. तौक्ते वादळात काही ओळी उडाल्या. सगळे पत्रे घालण्याचा सल्ला देतात, पण आम्हाला कौले सोडायची नाहीत. ती वाऱ्यात टिकवता येतील का?
– एक वाचिका, मालवण

उत्तर : येतील, आणि आपण ती ठेवावीत असेच मला वाटते. भाजलेल्या मातीला मीठ खात नाही. मंगळुरास १८६५ मध्ये बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेने या कौलांचा कारखाना सुरू केला तेव्हापासून पश्चिम किनाऱ्यावर ही कौले आहेत आणि जुन्या घरांवर पिढ्या उलटूनही ती चांगली राहिलेली दिसतात. कौलांच्या फटींतून थोडी हवा आरपार जात असल्याने वरखालचा दाब काही अंशी सारखा होतो, हाही त्यांचा गुण आहे. दोष इतकाच की आपल्याकडे ती रिपांवर नुसती अडकवली जातात.

कौल उलटे करून पाहा. रिपेला अडकणाऱ्या नाकांजवळ एक लहान भोक पाडलेले उठावदार टोक दिसेल. ते तार ओवण्यासाठीच आहे, परंतु आपल्या बाजूला त्याचा उपयोग फारच थोडे लोक करतात. पुढच्या शाकारणीच्या वेळी वळचणीच्या खालच्या तीन ओळी, आढ्यालगतच्या दोन ओळी आणि दोन्ही टोकांची दोन-दोन कौले स्टेनलेस स्टीलच्या तारेने रिपेला बांधून घ्यावीत. जमल्यास समुद्राकडचे अख्खे पाखे बांधावे. साधी बांधकामाची तार वापरू नये, ती दोन-तीन पावसाळ्यांत तुटते. आढ्यावरची कौले चुन्या-सिमेंटात पक्की बसवावीत आणि तो मसाला दरवर्षी तपासावा, कारण तो तडकला की वादळात पहिली तीच जातात. रिपा वाळवीने पोकळ झाल्या असतील तर तारेचा काही उपयोग नाही, तेव्हा प्रत्येक रीप आधी ठोकून पाहावी. हे काम मेच्या पहिल्या पंधरवड्यात संपवावे. तौक्ते १५ ते १७ मे २०२१ च्या दरम्यान आपल्या किनाऱ्याजवळून गेले होते, म्हणजे मृगाची वाट पाहून चालत नाही.

माकडे हा खरा प्रश्न आहे. बांधलेले कौल ती सहज उचलू शकत नाहीत, पण उड्यांनी फुटायचे ते फुटतेच. जुन्याच मापाची शे-दोनशे कौले घरात शिल्लक ठेवावीत, कारण निरनिराळ्या कारखान्यांची कौले एकमेकांत नीट बसत नाहीत.

प्रश्न : अलिबाग येथे आमचा स्लॅबचा बंगला आहे. गळती थांबावी म्हणून गच्चीवर पाइप उभे करून पत्र्याची शेड घालावी असे सुचवले जाते. ती वादळात राहील का?
– एक वाचक, अलिबाग

उत्तर : गच्चीवरील शेड चारही बाजूंनी मोकळी असते, जमिनीपासून उंच असते आणि बहुतेक वेळा तिच्या खांबांच्या पट्ट्या स्लॅबमध्ये चार इंच लांबीच्या बोल्टांवर उभ्या असतात. वाऱ्याच्या दृष्टीने याहून वाईट मांडणी शोधून सापडणार नाही. शिवाय ती उडाली तर आपल्यापेक्षा शेजाऱ्यांना धोका अधिक. घालायचीच असेल तर खांब स्लॅबवर न ठेवता कॉलमच्या माथ्यावर आणि अभियंत्याच्या हिशेबाने बसवावेत.

पण आधी गळतीचे कारण शोधावे. छताच्या खालच्या बाजूचे प्लास्टर सुटून आतल्या सळ्या दिसत असतील, तर पाण्याबरोबर गेलेल्या मिठाने सळ्या गंजून फुगल्या आहेत आणि शेड घालून तो गंज थांबणार नाही. आयएस ४५६ या मानकानुसार किनाऱ्यावरील उघड्या काँक्रीटला किमान एम ३० दर्जा आणि सळ्यांवर ४५ मिलिमीटर आच्छादन लागते, जुन्या बंगल्यांत हे क्वचितच आढळते. सुटलेले काँक्रीट काढून, सळ्या घासून, जेथे लक्षणीय बारीक झाल्या असतील तेथे नव्या जोडून दुरुस्ती आधी करून घ्यावी, मग गच्चीला उतार देऊन जलरोधक थर द्यावा. गच्चीवर सध्या जुने सिमेंटचे पत्रे असतील आणि ते काढणार असाल, तर त्यांत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता धरून चालावे. ते फोडू नयेत, कापू नयेत, पाण्याने भिजवून अखंड उतरवावेत आणि उतरवणाऱ्या कामगारांना चांगले मास्क आपण स्वतः आणून द्यावेत.