शेजारी ‘हो’ म्हणाला की राग का येतो?

प्रश्न : कोसोवो सर्बियातून फुटला. पण दुसऱ्या देशांनी त्याला मान्यता दिली, तर सर्बियानं एवढं का चिडावं? टपरीवर पैज लागली आहे.
– एक कास्तकार, दारव्हा तालुका

उत्तर : पैज किती कपांची, ते लिहिलं नाहीत!

भाऊ, धुऱ्याचं भांडण आठवा. आमच्या काकांनी धुरा फोडून चार तासं आत नांगर घातला, तेव्हा बाबा गप्प राहिले. पण पलीकडच्या शेतवाल्यानं बैलबंडीच्या वाटेची परवानगी काकांकडं मागितली, त्या रात्री बाबा जेवले नाहीत. वाट मागणं म्हणजे मालक कबूल करणं.

सर्बियाचं दुखणं हेच. 17 फेब्रुवारी 2008 ला कोसोवोनं स्वातंत्र्य जाहीर केलं. अमेरिकेनं लगेच मान्यता दिली, तर सर्बियानं तिथला राजदूत माघारी बोलावला. पुढं प्रकरण आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेलं. 2010 मध्ये मत आलं की ती घोषणा आंतरराष्ट्रीय कायद्याविरुद्ध नाही. कोसोवो राष्ट्र आहे की नाही, यावर मात्र न्यायालय बोललंच नाही, आमच्या तलाठ्यासारखं. भारतानं अजून मान्यता दिलेली नाही.

गंमत रशियाची. कोसोवोला त्याचा विरोध. पण 2008 च्याच ऑगस्टमध्ये जॉर्जियातून फुटलेल्या अबखाझिया आणि दक्षिण ओसेतियाला त्यानंच मान्यता दिली! जॉर्जियानं रशियाशी राजनैतिक संबंध तोडले.

आणि हो, वेगळ्या विदर्भाची मागणी यात घुसडू नका. ते देशातलंच राज्य, संसदेच्या कायद्यानं होणारं. परदेशी मान्यतेचा तिथं संबंध नाही.