१९१४ मध्ये एका खुनामुळे अख्खा युरोप युद्धात कसा ओढला गेला?

खून हे निमित्त होतं. युद्ध पसरलं ते मित्रराष्ट्रांना दिलेल्या शब्दांमुळे आणि त्याहूनही जास्त आधीच आखून ठेवलेल्या लष्करी वेळापत्रकांमुळे. तारखा ओळीने पाहिल्या की हे स्पष्ट होतं. २८ जूनला साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाची हत्या झाली. जुलैच्या सुरुवातीला जर्मनीने ऑस्ट्रियाला बिनशर्त पाठिंबा दिला. हत्येसाठी सर्बियाला जबाबदार धरून २८ जुलैला ऑस्ट्रियाने त्याच्याविरुद्ध युद्ध पुकारलं आणि सर्बियाची पाठराखण करणाऱ्या रशियाने ३० जुलैला संपूर्ण सैन्य जमवण्याचा आदेश काढला. खरी मेख इथे आहे. फ्रान्स आणि रशियाचा करार १८९४ पासून होता, त्यामुळे जर्मनीची योजना दोन आघाड्यांची होती: रशियाचं सैन्य गोळा व्हायच्या आत बेल्जियममार्गे फ्रान्सला हरवायचं. म्हणजे भांडण बाल्कनमधलं, आणि पहिला मोठा घाव बेल्जियमवर! त्या देशाच्या तटस्थतेची हमी १८३९ च्या करारात होती, म्हणून ४ ऑगस्टला ब्रिटनही उतरला. त्याच्या वसाहती आपोआप ओढल्या गेल्या. हिंदुस्थानातल्या सैनिकांना कुणी विचारलंही नाही.

मात्र करार होता म्हणून युद्ध अटळ होतं, असं म्हणता येत नाही. जर्मनी-ऑस्ट्रियाशी करार असूनही इटली १९१४ मध्ये तटस्थ राहिला आणि १९१५ मध्ये थेट विरुद्ध बाजूने लढायला उतरला.