पहिला बॉक्स फोडताना

१९९० चा इम्पेल कंपनीचा मार्व्हल युनिव्हर्स, म्हणजे मार्व्हलच्या सुपरहिरोंच्या ट्रेडिंग कार्डांचा (जमवायच्या पत्त्यांचा) बॉक्स घेतलात, सुरुवातीला उत्तम. ३६ पाकिटं, प्रत्येकी १२ पत्ते, म्हणजे ४३२. मूळ संच १६२ चा, शिवाय ५ होलोग्राम, म्हणजे चकाकणाऱ्या त्रिमित चित्राचे खास पत्ते. डुप्लिकेट ढिगाने निघणारच, फसवणूक समजू नका.

- हात कोरडे ठेवा, पत्ता कडेने धरा. होलोग्रामवर बोटाचा ठसा लगेच उमटतो.
- जुने पत्ते एकमेकांना चिकटलेले असतात. ओढलेत तर छपाई सोलवटते. गठ्ठा हलकेच वाकवून सुटतो का बघा, नाहीतर राहू द्या.
- आधी मऊ स्लीव्ह (पातळ प्लास्टिकची पिशवी), मग टॉपलोडर (कडक प्लास्टिकचं पाकीट). रबरबँड अजिबात नको, कडा दबतात.
- अल्बमची नऊ कप्प्यांची १८ पानं मूळ संचाला पुरतात.

किंमत बघायची ती विकल्या गेलेल्या पत्त्यांची. मागितलेला भाव कुणीही काहीही लावतो. ग्रेडिंगचं, म्हणजे पत्त्याची स्थिती तपासून घेऊन त्याला दर्जा मिळवण्याचं, सध्या विसरा.