युग्मक, युग्मनज आणि बैलाच्या मानेवरचं जू

प्रश्न असा आलाय: लेक दहावीला आहे, क्लासच्या सरांनी वहीत लिहून दिलं की "फलित झालेलं युग्मक गर्भाशयात रुजतं", हे बरोबर का? आणि शुक्राणू, शुक्रजंतू, शुक्रपेशी यातलं नेमकं काय लिहायचं?

ताई, चूक आहे ते. आणि हे "फलित युग्मक" मी पुण्यात इतक्यांदा ऐकलंय, व्याख्यानात काय, डॉक्टरांच्या मुलाखतीत काय, की आता कान किटले. युग्मक म्हणजे फलन व्हायच्या आधीची एकटी पेशी, 23 गुणसूत्रांची. दोन युग्मकं एक झाली की 46 वाला युग्मनज. शब्दातच सांगितलंय की, युग्मन + ज, पंकजमधला ज, म्हणजे युग्मनातून जन्मलेला. आणि रुजतो तोही युग्मनज नाहीच, फलन होतं अंडनलिकेत आणि गर्भाशयात रुजायला येतो तो साधारण सहा-सात दिवसांनंतरचा शंभर-दीडशे पेशींचा गोळा. सरांच्या एका वाक्यात दोन चुका.

आता खरी मजा. युग्म, युग, योग, युगल सगळे एकाच घरातले, धातू युज्, जोडणे. युगल प्राकृतातून घरंगळत आलं ते आपलं जुळं, हिंदीकडून आली ती जुगलबंदी (सवाईत टाळ्या घेते ती), आणि पाखरं जुगतात म्हणतो तेही यातलंच. पण राजा शब्द वेगळाच आहे, तो म्हणजे जू. युग > जुअ > जू. मुळशीकडे कुणाच्या गोठ्यात अजून असेल तर बघा नीट, दोन खांद्यांवर आडवं लाकूड, मान बाहेर सरकू नये म्हणून टोकाशी शिवळा, आणि गळ्याखालून बांधलेलं जोतं. ते जोतंही योक्त्र या संस्कृत शब्दाचंच पोर. आता युग्मनजाचा इंग्रजी शब्द घ्या, झायगोट. ग्रीकमध्ये झुगोन म्हणजे जू, आणि झुगोतोस म्हणजे जुंपलेला! म्हणजे शेतकरी बैलांच्या मानेवर ठेवतो ते आणि लॅबमध्ये डिशमध्ये बघतात ते, दोन्हीला मुळात एकच शब्द. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा चहा गार झाला होता.

लगेच कुणीतरी म्हणणार, बघा, ग्रीकांनी आपल्याकडून ढापला. नाही हो. संस्कृत ग्रीकची आई नाही, बहीण आहे. लॅटिनचं युगुम, इंग्रजीचं योक, सगळी चुलत भावंडं. व्हॉट्सॅपवर फिरणाऱ्या व्युत्पत्ती मला पाठवू नका.

दुसरे शहाणे संस्कृतवाले. त्यांचा आक्षेप असा की काव्यात एक वाक्य दोन श्लोकांत पुरं होतं तेव्हा त्या दोघांना मिळून युग्मक म्हणतात, मग एकट्या पेशीला युग्मक कसं, युग्मार्ध म्हणा. वा! मग एकट्या माणसाला जोडीदार का म्हणता, अर्धा जोडीदार म्हणा ना. युग्मकाचा इंग्रजी शब्द गॅमीट, तोही ग्रीकमधल्या नवरा किंवा बायको या अर्थाच्या शब्दावरून आलेला, गामोस म्हणजे लग्न. एकट्याचंच नाव आहे ते, पण जोडीतल्या नात्यावरून पडलेलं. माझा तर संशय आहे की आपला जामाता, म्हणजे जावई, याच गामोसच्या गोतातला आहे, ग्रीकमध्ये जावयाला गाम्ब्रोस म्हणतात बघा. हे सगळ्यांना पटत नाही, न पटो, मी सोडणार नाही. डेक्कन कॉलेजचा संस्कृत कोश 1948 पासून चालू आहे आणि अजून 'अ' अक्षरातच आहे, त्यामुळे युग्मची नोंद वाचून माझा निकाल लागायला आमची पतवंडं यावी लागणार.

आणि त्या आक्षेपात एक गंमत राहतेच. वृषणात एका मातृपेशीचं अर्धगुणसूत्री विभाजन (गुणसूत्रं निम्मी करणारं) होऊन चार शुक्रपेशी तयार होतात, सरळ हिशोब. अंडाशयात तसं नाही. मुलगी आईच्या पोटात असतानाच तिच्या अंडपेशींचं विभाजन सुरू होतं आणि मध्येच थांबतं ते वर्षानुवर्षं. मग महिन्याला साधारण एक पुढे सरकते, तीही दुसऱ्या विभाजनात पुन्हा अडकते, आणि ते पुरं होतं शुक्रपेशी आत शिरल्यावरच. वाटणीही चार सारख्या नाहीत, एकीला जवळजवळ सगळा ऐवज, बाकीच्या बारक्या पोलर बॉडीज, त्या मरून जातात. म्हणजे काटेकोर बोलायचं तर बाईचं युग्मक जोडीदार आल्याशिवाय पूर्ण युग्मक होतच नाही! युग्मार्धवाल्यांनी यावर बोलावं.

हां, शुक्रजंतू. 1677 मध्ये डच संशोधक लेव्हेनहूकनं भिंगातून ते वळवळताना बघितले, आणि 1827 मध्ये भ्रूणशास्त्रज्ञ फॉन बेअरनं त्यांना स्पर्मॅटोझोआ नाव दिलं, झोआ म्हणजे प्राणी, कारण त्याला ते परजीवी वाटले. त्याच वर्षी सस्तन प्राण्याचं स्त्रीबीजही त्यानंच शोधलं, तरी! आपण त्या गैरसमजाचं भाषांतर करून जंतू म्हणत बसलो, जणू डेटॉल घ्यायचंय. शुक्राणू चालेल, अणू म्हणजे इथे नुसतं बारकं. पण पेपरात शुक्रपेशी लिहू दे तिला, पेशीच आहे ती.