वाईनवरून प्रेरणा घेतलेला एखादा मोठा चित्रकार सांगता येईल का? त्याचं आयुष्य कसं होतं?

माझं उत्तर: काराव्हाज्जो. जन्म १५७१, मिलान. ऐन विशीत रोमला आला तेव्हा खिसा रिकामा होता. त्या काळात आजारी पडून तो इस्पितळातही राहिला. १५९३च्या सुमारास त्याने मद्यदेवता बॅकस रंगवला, पण चेहरा स्वतःचाच: पिवळट, ओठ फिके, हातात द्राक्षांचा घोस. देव कसला, तापातून उठलेला पोरगा!

पुढे देल मोन्ते या कार्डिनलचा, म्हणजे चर्चमधल्या बड्या धर्मगुरूचा, आश्रय मिळाला आणि १५९६-९७च्या सुमारास दुसरा बॅकस आला, जो आज फ्लॉरेन्सच्या उफित्सी संग्रहालयात आहे. हा मात्र जवळून बघाच. नखांत मळ. वाडग्यातली फळं सडायला लागलेली. डाव्या हातात पसरट काचेचा पेला, त्यातल्या लाल वाईनवर बारीक वलयं. सुरईत कडेला बुडबुडे, म्हणजे वाईन आत्ताच ओतलीय. त्या सुरईच्या काचेत चित्रकाराचं इवलंसं प्रतिबिंबही दडलंय.

आयुष्य म्हणाल तर सगळी भांडणं. १६०४मध्ये खानावळीतल्या वाढप्याच्या तोंडावर त्याने आर्टिचोक नावाच्या भाजीची थाळीच फेकली होती. १६०६मध्ये हातून खून झाला, रोम सोडून पळाला. नेपल्स, माल्टा, सिसिली असा भटकत राहिला, चित्रं काढणं काही थांबलं नाही. १६१०मध्ये रोमला परतायच्या वाटेवर पोर्तो एर्कोले या बंदरात वारला. वय फक्त ३८.