फॉरमॅट नको, आधी कॉपी

प्रश्न : आमचा केळीचा व्यवहार आहे. मागच्या आठवड्यात कापणीच्या पावत्या भरत असताना लाईट गेली. परत आल्यावर काँप्युटर ‘स्कॅनिंग अँड रिपेअरिंग ड्राइव्ह डी’ म्हणत 11 टक्क्यांवर अडकला. अर्धा तास वाट पाहून मी बटण दाबून बंद केला. आता विंडोज सुरू होतं, पण डी ड्राइव्हमधलं हिशोबाचं फोल्डर उघडायला गेलं की ‘करप्टेड अँड अनरीडेबल’ येतं. सात वर्षांचा हिशोब आहे. दुरुस्तीवाला म्हणतो फॉरमॅट मारू, पुतण्या म्हणतो चेकडिस्क चालवा. काय करू?
– एक वाचक, सावदा

उत्तर : भाऊ, फॉरमॅट मारू देऊ नका. पुतण्या बरोबर सांगतोय, पण चेकडिस्कच्या (विंडोजमधली डिस्क तपासून दुरुस्त करणारी सोय) आधी एक काम करा. डी ड्राइव्हमधलं जे जे उघडतंय ते सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी करून घ्या.

डिस्कवर सातबाऱ्यासारखा एक तक्ता असतो, कुठली फाइल कुठल्या जागेत आहे याचा. लाईट गेली तेव्हा त्यातली नोंद अर्धवट राहिली असणार. म्हणजे शेत बहुधा जागेवर आहे, उतारा बिघडलाय. चेकडिस्क तो उतारा जुळवतं, पण ज्या नोंदीचा मेळ बसत नाही ती काढूनही टाकतं.

कॉपी चालू असताना काँप्युटरच्या डब्याला कान लावा. टकटक किंवा खरखर आली तर तिथेच थांबा, चेकडिस्क चालवू नका. हे मी जीव तोडून सांगतोय. भुसावळला माझं दुरुस्तीचं दुकान आहे. काही वर्षांपूर्वी चोपड्याच्या एका बाईंची टकटकणारी डिस्क मी घाईत रात्रभर चेकडिस्कला लावली, तीही ‘आर’ लावून, म्हणजे प्रत्येक कोपरा वाचायला. सकाळी डिस्क ओळखूच येईना. त्यांच्या वारलेल्या वडिलांचे फोटो त्यात होते. त्यांचा चेहरा अजून आठवतो.

आवाज नसेल तर पुढे चला. डी ड्राइव्हमधलं उघडं असलेलं सगळं बंद करा. स्टार्टमध्ये ‘सीएमडी’ टाइप करा, कमांड प्रॉम्प्टवर उजवं क्लिक करून ‘रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर’ निवडा. काळ्या खिडकीत सी, एच, के, डी, एस, के ही अक्षरं सलग लिहा. जागा सोडून डी आणि त्याला चिकटून विसर्गासारखी दोन टिंबं. एवढ्यावर एंटर दाबलं तर ते फक्त तपासतं, काही बदलत नाही. चुका दाखवल्या की तीच ओळ पुन्हा लिहा आणि शेवटी जागा सोडून तिरकी रेघ (प्रश्नचिन्हाच्या बटणावरची) व एफ जोडा. ड्राइव्ह वापरात आहे, ‘डिसमाउंट’ करू का, असं विचारलं तर वाय दाबा.

मग हात लावू नका. आकडा कधीकधी तासभर एकाच जागी बसतो, तरी आत काम चालू असतं. डब्यावरचा छोटा दिवा लुकलुकतोय ना, तेवढं पाहा. मधेच बटण दाबलं की बिघाड वाढतो, आणि मागच्या वेळी तेच झालं असावं. साधा यूपीएस दहा-पंधरा मिनिटांत दम तोडतो, म्हणून काँप्युटर घरच्या इन्व्हर्टरवर घ्या आणि लाईट टिकते अशा वेळी हे काम काढा.

संपल्यावर हिशोबाचं फोल्डर उघडून पाहा. नसेल तर डी ड्राइव्हमध्ये ‘फाउंड’ आणि पुढे टिंब व तीन शून्यं, अशा नावाचं फोल्डर शोधा. ते लपलेलं असतं. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मधून लपलेल्या फाइली दाखवायला सांगा, शिवाय फोल्डर ऑप्शन्समधली ‘प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स’वरची खूण काढा. मालक न सापडलेले तुकडे चेकडिस्क तिथे ठेवतं. तुमच्या पावत्या तिथेच निघू शकतात. नावं बदललेली असतील, म्हणून एकेक फाइल एक्सेलमध्ये उघडून बघावी लागेल. या कामाला पुतण्याला बसवा.