थोडे बिटकॉइन आहेत माझ्याकडे, घरी कसे पाठवू आणि माझ्यामागे मुलीला कसे मिळतील?

तुमचा प्रश्न मोठाय, आधी थोडक्यात मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही चोपड्याकडचे, नोकरीला सुरतला, तीन-चार वर्षांत थोडे थोडे करून ०.०४ बिटकॉइन जमवलेत, ते एक्स्चेंजच्या, म्हणजे बिटकॉइन घेण्या-विकण्याची सोय देणाऱ्या कंपनीच्या, ॲपमध्ये पडून आहेत. तुम्हाला विचारायचंय की ते खरंच माझे आहेत का, गावी बायकोच्या मोबाइलवर कसे पाठवायचे, आणि उद्या मला काही झालं तर मुलीला मिळतील का.

भाऊ, तिसरा प्रश्न तुम्ही जाता जाता विचारलाय पण मी तिथूनच सुरू करतो, कारण आमच्या घरात हे घडून गेलंय.

मी भुसावळला राहतो, रिटर्न भरायचं आणि हिशोबाचं काम करतो. माझा मावसभाऊ अंमळनेरचा, पुण्यात कंपनीत होता, एप्रिल २०२१ मध्ये कोरोनात गेला. वहिनीला एवढंच माहीत होतं की त्याने "ऑनलाइन काहीतरी" घेतलंय. जूनमध्ये शाळा ऑनलाइन सुरू झाली तेव्हा त्याचा मोबाइल पॅटर्न लॉकमुळे उघडत नव्हता म्हणून दुकानात नेऊन फॉरमॅट मारला आणि पुतण्याला दिला, कुणाचीच चूक नव्हती त्यात, कुणाला काय माहीत आत काय होतं. पुढच्या वर्षी मी वहिनीच्या कागदपत्रांचं काम घेतलं तेव्हा बँक स्टेटमेंटमध्ये एका एक्स्चेंजला गेलेले पैसे दिसले, पाच हजार, तीन हजार, परत पाच हजार. नशीब एवढंच की वहिनीने त्याचं सिम बंद केलं नव्हतं. त्याच्या नंबरवर अजून त्याच्या मित्रांचे मेसेज यायचे म्हणून ती दर महिन्याला रिचार्ज मारत होती, सिम तिच्याच फोनच्या दुसऱ्या खाचेत होतं. त्यावर ओटीपी आला, त्याचा ईमेल उघडला, आणि त्यात एक्स्चेंजचं एक मेल सापडलं की तुमचे बिटकॉइन अमुक पत्त्यावर (खाते क्रमांकासारखी अक्षर-आकड्यांची ओळ असते ती) पाठवले. म्हणजे एक्स्चेंजमध्ये काहीच उरलं नव्हतं, त्याने सगळं स्वतःच्या वॉलेटमध्ये, म्हणजे बिटकॉइनची किल्ली आपल्याकडेच ठेवणाऱ्या ॲपमध्ये, काढून घेतलं होतं आणि ते वॉलेट त्या फॉरमॅट मारलेल्या मोबाइलमध्ये होतं.

वॉलेट सुरू करताना ते बारा इंग्रजी शब्द लिहून ठेवायला देतं, मोबाइल गेला तरी त्यांवरून ते परत उघडता येतं. म्हणून मी वहिनीला विचारलं, त्याने कधी तसे बारा शब्द कुठे लिहून ठेवले होते का. ती म्हणाली हो, एकदा दिवाळीत अंमळनेरला रात्री बसून डायरीत काहीतरी इंग्रजी लिहीत होता, मी विचारलं तर म्हणाला सांगतो नंतर. मावशीच्या पेटीत, गोधड्यांच्या खाली ती डायरी निघाली, खताच्या दुकानातून फुकट मिळते तशी. मावशी म्हणे, "हाई काय लिखेल शे रे भाऊ?" शेवटच्या पानावर दोन रांगांत बारा आकडे आणि अकरा शब्द. बाराव्या आकड्यापुढचा कोपरा कसरीने खाल्लेला.

आता हे का सांगतोय ते बघा. ते शब्द कुणी मनाला येईल तसे लिहिलेले नसतात, २०४८ शब्दांची एक ठरलेली यादी आहे, वॉलेट त्यातूनच शब्द देतं, आणि शेवटच्या शब्दात आधीच्या सगळ्यांचा ताळा भरलेला असतो. म्हणून बारावा शब्द २०४८ पैकी कुठलाही असू शकत नाही, ताळा जुळणारे फक्त १२८ उरतात. माझा भाचा जळगावला इंजिनिअरिंगला आहे, त्याने जुन्या लॅपटॉपचं इंटरनेट तोडून चार ओळींचा प्रोग्रॅम लिहिला, १२८ शब्द एकेक करून लावले, प्रत्येकातून निघणारे पत्ते त्या ईमेलमधल्या पत्त्याशी ताडून पाहिले आणि एक जुळला. वहिनी शेजारीच बसली होती, ती काही बोलली नाही, तिने फक्त डायरीच्या त्या पानावरून हात फिरवला. किती होते ते सांगत नाही पण तिच्या मोठ्या मुलीच्या ॲडमिशनला ते कामाला आले. दोन कोपरे खाल्ले असते तर काम कितीतरी पटीने वाढलं असतं, अर्धं पान गेलं असतं तर सगळं गेलं होतं.

आता तुमचा पहिला प्रश्न, माझे आहेत का. आपल्याकडे जमिनीचा सातबारा असतो ना, तसंच समजा, फक्त हा सातबारा जगभरातल्या हजारो कॉम्प्युटरवर एकसारखा ठेवलेला आहे आणि साधारण दर दहा मिनिटांनी त्यात नवीन पान जोडलं जातं, ३ जानेवारी २००९ पासून. बिटकॉइन तुमच्या मोबाइलमध्ये नसतंच, मोबाइलमध्ये असते ती फक्त सही करायची किल्ली, आणि ती किल्ली त्या बारा किंवा चोवीस शब्दांतून तयार होते. मोबाइल तापीत पडला तरी शब्द असले की दुसऱ्या मोबाइलवर सगळं परत उभं राहतं. पण या सातबाऱ्याला तलाठी नाही. माणूस गेला की वारसनोंद करायला, फेरफार करायला कुणी बसलेलं नाही, तुम्ही मृत्यूचा दाखला घेऊन जाणार कुणाकडे? किल्ली ज्याच्या हातात तो मालक, कायद्याने वारस कुणी का असेना.

एक्स्चेंजमध्ये आहेत तोवर किल्ली त्यांच्याकडे असते आणि तुमच्याकडे त्यांच्या खात्यातली नोंद. त्याचा एक फायदा आहे, तुम्ही गेलात तर घरचे कागद घेऊन तिथे दाद मागू शकतात, मृत्यूचा दाखला, वारसाचा दाखला, केवायसी, वेळ लागतो पण दार असतं. तोटा असा की ते स्वतःच बुडाले किंवा लुटले गेले तर तुमचेही अडकले. २०१४ मध्ये जपानची माउंट गॉक्स बुडाली, नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स, आणि जुलै २०२४ मध्ये आपल्याच देशातल्या एका मोठ्या एक्स्चेंजमधून २३ कोटी डॉलरच्या आसपास चोरी झाली. मला विचाराल तर थोडी रक्कम असेल आणि घरात कुणालाच यात गम्य नसेल तर एक्स्चेंजमध्ये ठेवणं हा काही गुन्हा नाही, फक्त कुठल्या एक्स्चेंजमध्ये, कुठल्या ईमेलवर, कुठल्या नंबरवर हे बायकोला माहीत पाहिजे. नॉमिनी लावायची सोय असेल तर लावा, पण नॉमिनी म्हणजे मालक असं समजू नका, साधारणपणे तो वारसांच्या वतीने सांभाळणारा असतो.

पाठवायचं म्हणाल तर ते अवघड नाही, पण यूपीआयची सवय विसरा. यूपीआयला समोरच्याचं नाव दिसतं, चुकलं तर बँकेत तक्रार करता येते. इथे नाव नाही, आयएफएससी नाही आणि गेलेलं परत येत नाही. बायकोच्या मोबाइलवर वॉलेट टाका, त्यात "रिसीव्ह" दाबलं की एक लांबलचक पत्ता येतो, आजकाल बहुतेक "बीसी१" ने सुरू होणारा, तो हाताने टाइप न करता कॉपी करा किंवा क्यूआर स्कॅन करा. एखादं अक्षर चुकलं तर वॉलेट शक्यतो तो पत्ता घेतच नाही, त्यातही ताळा असतो. खरा धोका वेगळाच आहे, काही व्हायरस कॉपी केलेला पत्ता गुपचूप बदलून चोराचा टाकतात, म्हणून पेस्ट केल्यावर सुरुवातीची आणि शेवटची सात-आठ अक्षरं बायकोला फोन लावून मोठ्याने वाचायला लावा. एक्स्चेंज नेटवर्क निवडायला सांगतं तिथे बिटकॉइनचंच निवडा, फी कमी दिसते म्हणून दुसरं निवडू नका. आणि आधी थोडेसेच पाठवा. एका बिटकॉइनचे दहा कोटी सॅटोशी होतात म्हणजे तुमच्याकडे ४० लाख सॅटोशी आहेत, त्यातले थोडे पाठवा, पोचले की बाकीचे.

नेटवर्कची फी रकमेवर नसते, व्यवहाराची माहिती किती जागा घेते आणि त्या वेळी गर्दी किती आहे यावर असते, म्हणून पाच हजार पाठवा नाहीतर पन्नास लाख, फी जवळपास तेवढीच. एक्स्चेंज काढायची स्वतःची फी वेगळी लावतं ते बघून घ्या. व्यवहार एका पानात चढला की पोचला, मोठी रक्कम असेल तर लोक सहा पानं चढेपर्यंत थांबतात, म्हणजे तासभर. बायकोचा मोबाइल तेव्हा बंद असला तरी चालतं.

टॅक्सचं माझं रोजचं काम म्हणून सांगतो. बिटकॉइन ठेवणं आपल्याकडे बेकायदा नाही. २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना यातून हात काढायला लावले होते, ४ मार्च २०२० ला सुप्रीम कोर्टाने ते परिपत्रक रद्द केलं. पण १ एप्रिल २०२२ पासून विकून झालेल्या नफ्यावर सरळ ३० टक्के आणि वर सेस, आणि एकातला तोटा दुसऱ्यातून वजा करता येत नाही. जुलै २०२२ पासून विकताना १ टक्का टीडीएस कापतात, तो रिटर्नमध्ये क्लेम करता येतो, बरेच जण सोडून देतात. स्वतःच्या एका वॉलेटमधून स्वतःच्याच दुसऱ्यात पाठवणं ही विक्री होत नाही. बायकोला बक्षीस दिलंत तर तिला टॅक्स नाही, पण तिने पुढे विकून नफा झाला तर तो साधारणपणे तुमच्याच उत्पन्नात धरला जातो. वारशाने मिळालं तर मिळताना टॅक्स नाही, विकताना आहे, म्हणून तुमची खरेदीची स्टेटमेंटं आत्ताच काढून प्रिंट करून ठेवा, तुमच्यामागे ती शोधायला फार त्रास होतो, मी बघितलंय.

आता मुलीला कसे मिळतील. मृत्युपत्र करा, साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदारांच्या सह्या पाहिजेत. त्यात लिहा की माझे बिटकॉइन आहेत, ते अमुकला द्यायचे, आणि किल्लीचं पाकीट अमुक ठिकाणी आहे. शब्द मात्र त्यात लिहू नका, मृत्युपत्र किती हातांतून जाईल याचा भरवसा नाही. मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने बायको, मुलं आणि तुमची आई यांना सारखा वाटा, हेही लक्षात असू द्या.

शब्दांचा फोटो काढू नका, व्हॉट्सॲपवर स्वतःला पाठवून ठेवू नका, गुगलवर चढवू नका. देवनागरीत लिहू नका, कारण स्पेलिंगच महत्त्वाचं आहे आणि यादी मराठीत नाही. कॅपिटलमध्ये, सुटं सुटं, आणि प्रत्येकापुढे आकडा घालून लिहा, क्रम बदलला तर काही उपयोग नाही. पहिल्या चार अक्षरांवरून शब्द ओळखू येतो अशीच ती यादी बनवलीय, म्हणून निदान तेवढी तरी ठसठशीत पाहिजेत. सहा शब्द इकडे आणि सहा तिकडे असं काही जण करतात, ते करू नका, एक तुकडा हरवला की सगळंच गेलं आणि चोराचं अर्धं काम तुम्हीच करून दिलं. त्यापेक्षा दोन पूर्ण प्रती दोन घरांत ठेवा, एक सुरतला, एक गावी. आणि हे बारा शब्द जो कुणी मागेल, व्हेरिफिकेशन म्हणून, कस्टमर केअर म्हणून, हरवलेले काढून देतो म्हणून, तो चोर. तुमचा प्रश्न वाचून तुम्हाला असे मेसेज येतीलच, उत्तर देऊ नका. महिन्याला १० टक्के देतो म्हणणाऱ्या गेनबिटकॉइनने आपल्या महाराष्ट्रात किती घरं बसवली ते आठवा.

कागदाला कसर लागते, उंदीर लागतो, पावसाळ्यात ओल येते. म्हणून वहिनीसाठी आम्ही नवीन वॉलेट करून बिटकॉइन तिकडे हलवले, आणि शब्द स्टीलच्या ताटलीच्या मागच्या बाजूला कोरले. लग्नात भांड्यांवर नाव घालतात ना, तसलंच हातात धरायचं छोटं मशीन मिळतं. दुकानदाराकडून कोरून घेऊ नका, त्यालाही वाचता येतं. मशीन आणून वहिनीने स्वतः कोरले, पहिले दोन शब्द वाकडे आले, पुढचे सरळ.

दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वहिनीची मोठी मुलगी माहेरी येते. तेव्हा दोघी मायलेकी दार लावून बसतात, ताटली काढतात, घरात पडून असलेल्या जुन्या मोबाइलवर शब्द घालून वॉलेट उघडतात, रक्कम बरोबर दिसली की मोबाइल पुसून टाकतात आणि ताटली परत पेटीत. गेल्या वर्षी मुलीने सगळं एकटीने केलं, वहिनी नुसती बघत होती. तुम्ही पुढच्या वेळी सुरतहून गावी जाल तेव्हा हेच करा, बायकोच्या हातात शब्द द्या, तुम्ही शेजारी बसा, आणि ती अडेल तिथे लगेच सांगू नका.